हिपॅटायटिस ‘सी’ : एका रक्ताचे दोन रिपोर्ट वेगळे का येतात?

१४ एप्रिलच्या निमित्ताने नागपुरात वस्त्यावस्त्यांत आपली मुले-मुली रक्तदान शिबिरे घेतात. नंतर एखाद्या रक्तदात्याला रक्तपेढीतून निरोप येतो: ‘हिपॅटायटिस सी रिॲक्टिव्ह, भेटून जा.’ घाबरून तो खासगी लॅबमध्ये तपासतो, तर तिथे निगेटिव्ह. मग खरे कोणते? वस्तीत काम करताना आम्हाला हा प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला जातो. आम्ही डॉक्टर नाही; पण रिपोर्ट कसा वाचायचा हे कार्यकर्त्याला माहीत असलेच पाहिजे.

तपासण्या दोन

अँटीबॉडी तपासणी (रॅपिड कार्ड किंवा एलायझा) विषाणू शोधत नाही. शरीराने विषाणूविरुद्ध तयार केलेली प्रतिद्रव्ये ती शोधते. आजार बरा झाला तरी ही प्रतिद्रव्ये बहुधा वर्षानुवर्षे राहतात.

आरएनए तपासणी (पीसीआर, व्हायरल लोड) आज रक्तात विषाणू आहे का, ते सांगते. उपचाराचा निर्णय हिच्यावर होतो.

रिपोर्टचा अर्थ

- अँटीबॉडी पॉझिटिव्ह, आरएनए पॉझिटिव्ह: संसर्ग चालू आहे, उपचार हवेत.
- अँटीबॉडी पॉझिटिव्ह, आरएनए निगेटिव्ह: जुना संसर्ग गेलेला आहे किंवा अँटीबॉडीचा रिपोर्ट चुकीचा पॉझिटिव्ह आहे. १५ ते ४५ टक्के लोकांत विषाणू पहिल्या सहा महिन्यांत औषधाविना जातो. धोका अलीकडचा असेल तर आरएनए पुन्हा करतात.
- अँटीबॉडी निगेटिव्ह, आरएनए पॉझिटिव्ह: संसर्ग नवा आहे किंवा प्रतिकारशक्ती क्षीण आहे. आरएनए एक-दोन आठवड्यांत दिसतो. अँटीबॉडी तयार व्हायला दोन-तीन महिने, कधी सहाही लागतात.
- दोन्ही निगेटिव्ह: संसर्ग नाही. धोका नुकताच घडला असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने पुन्हा तपासावे.

रक्तपेढीचा रिपोर्ट चुकीचा का येऊ शकतो?

रक्तपेढीची चाचणी मुद्दाम अतिदक्ष असते, कारण एकही दूषित पिशवी रुग्णापर्यंत जाऊ नये. हिशेब करून पाहा. समजा १००० दात्यांपैकी ५ जणांना खरा संसर्ग आहे आणि चाचणी निरोगी माणसांत १०० पैकी एकदा चुकते. म्हणजे ५ खरे आणि सुमारे १० खोटे पॉझिटिव्ह. ‘रिॲक्टिव्ह’ हा निकाल नाही, पुढच्या तपासणीची सूचना आहे. पण दुसऱ्या लॅबच्या निगेटिव्ह कार्डावर विसंबून गप्पही बसू नका. आरएनए करा आणि निकाल लागेपर्यंत रक्त देऊ नका.

सिकलसेलच्या घरांसाठी

विदर्भात आपल्या समाजात आणि आदिवासींत सिकलसेलचे प्रमाण मोठे आहे. या रुग्णांचे डोळे पिवळे दिसतात ते लाल पेशी तुटल्यामुळेही. दरवेळी ती विषाणूची कावीळ नसते. उलट, वारंवार रक्त चढवलेल्या सिकलसेल आणि थॅलेसेमियाच्या मुलांना ‘सी’चा धोका जास्त. त्यांची तपासणी ठरावीक काळाने व्हावी. रक्तपेढ्यांत ‘सी’ची चाचणी २००१ च्या सुमारास सक्तीची झाली. त्याआधी रक्त घेतलेल्यांनीही एकदा तपासून घ्यावे.

आईला संसर्ग असेल तर तिची अँटीबॉडी बाळात १८ महिन्यांपर्यंत राहू शकते. त्याआधीच्या अँटीबॉडी रिपोर्टवरून बाळाला आजार आहे असे ठरवू नये.

उपचार आहेत, लपवू नका

‘सी’वर लस नाही, पण गोळ्या आहेत. बहुतेकांना १२ आठवड्यांचा कोर्स पुरतो आणि ९५ टक्क्यांहून अधिक बरे होतात. कोर्स संपल्यावर १२ आठवड्यांनी आरएनए निगेटिव्ह आला की रुग्ण बरा. अँटीबॉडी मात्र पॉझिटिव्हच राहील. तो रिपोर्ट दाखवून कोणी नोकरी नाकारत असेल तर ते चूक आहे. अँटीबॉडी संरक्षण देत नाही, म्हणून पुन्हा संसर्ग होऊ शकतो.

२८ जुलै २०१८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात तपासणी आणि औषधे मोफत आहेत. मेडिकल किंवा मेयोत चौकशी करा. जाताना सगळे जुने रिपोर्ट तारखेनुसार लावून न्या आणि प्रत्येकावर ‘बी’ आहे की ‘सी’, अँटीबॉडी आहे की आरएनए, हे आधी पाहा. निम्मा गोंधळ तिथेच मिटतो.

हा आजार एका ताटात जेवल्याने, मिठी मारल्याने पसरत नाही. तो रक्तातून पसरतो. म्हणून शिबिर घेणाऱ्यांना आमची विनंती: रिॲक्टिव्ह दात्याचे नाव ग्रुपवर टाकू नका. त्याच्यासोबत दवाखान्यात जा. एका अर्धवट रिपोर्टवरून कोणाचे लग्न मोडू नये आणि खरा आजार असलेला कोणी लाजेपोटी उपचाराविना राहू नये.