आळ मोटरवर, दोष वाटेत

जुन्या गाडीची पॉवर विंडो जड चालू लागली की गॅरेजमध्ये पहिला आळ मोटरवर येतो. बटण दाबल्यावर घरघरते ती मोटर, तेव्हा दमली असेल तर तीच, असे धरून दाराचे पॅनेल उघडले जाते आणि बहुतेकदा अख्खे विंडो मशीनच बदलले जाते. हा निष्कर्ष घाईचा आहे. ही घाई कुठून आली असावी, याचा माग काचांच्या इतिहासात लागतो.

अमेरिकेत पॅकार्डने १९४१च्या मॉडेलसाठी, म्हणजे १९४०च्या उत्तरार्धात, आपल्या महागड्या ‘१८०’ मालिकेत बटणावर चालणाऱ्या काचा आणल्या. त्या थेट विजेने हलत नसत. विजेवरचा पंप तेलाला दाब देई आणि त्या दाबाने काच हले. युद्धानंतर जनरल मोटर्सच्या गाड्यांत ही पद्धत रुळली. तिथे काच दाबाने चढे आणि स्प्रिंगच्या ओढीने उतरे. पंप मात्र सगळ्या दारांना मिळून एकच. त्यामुळे दोष शोधायला आपोआप शिस्त लागे. चारही काचा मंदावल्या तर पंप, तेल किंवा बॅटरी तपासायची. एकच मंदावली तर पंपाला बोल लावताच येत नसे, शोध त्या दारातच घ्यावा लागे. चढताना चपळ पण उतरताना रेंगाळणारी काच पंपाला निर्दोष ठरवून टाकी. तरीही ही पद्धत मागे पडली ते योग्यच झाले. त्यात वापरले जाणारे ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून सिलिंडर गंजवी, आणि गळले की रंग उतरवी.

१९५१मध्ये क्रायस्लरने इंपीरियल गाडीत पूर्ण विजेवरच्या काचा दिल्या. आता दार तिथे मोटर आली, आणि संशयितही प्रत्येक दारात जाऊन बसला. पण वीज अजून सामाईकच होती, आणि आपण विसरतो ते नेमके हेच. बॅटरी एक, मुख्य वायर एक. रिले नसलेल्या कितीतरी जुन्या गाड्यांत तर मागच्या काचेचा सगळा प्रवाह तिच्या स्वतःच्या स्विचमधून आणि शिवाय ड्रायव्हरच्या मुख्य स्विचमधूनही जातो. दोन्हीकडचे संपर्कबिंदू काळवंडले, दाराच्या बिजागरीजवळ वाकून वाकून वायरीच्या तारा तुटत गेल्या, अर्थ सैल झाला, की मोटरपर्यंत पुरेसे व्होल्ट पोचतच नाहीत. अमेरिकी गाड्या पन्नाशीच्या दशकाच्या मध्यापर्यंत ६ व्होल्टवरून १२ व्होल्टवर गेल्या, त्यातूनही हेच दिसते. तेवढ्याच कामाला ६ व्होल्टवर दुप्पट प्रवाह लागतो, आणि त्याच वायरीत वाया जाणारी शक्ती चौपट होते. वायरीची वाट मोटरइतकीच महत्त्वाची आहे, याचा यापेक्षा स्वच्छ पुरावा कोणता?

दुसरी वाट काचेची. चॅनलचे रबर उन्हाने कडक होते, त्यात धूळ बसते, मशीनच्या सांध्यांतले ग्रीस सुकते. काच एका ठरावीक उंचीवर अडखळत असेल तर दोष इथला. तळापासून वरपर्यंत सारखीच मंद असेल तर आधी काच चालू असताना मोटरच्या टोकाशी व्होल्टमीटर लावावा. काच थांबलेली असताना घेतलेले माप फसवे असते, कारण प्रवाहच नसेल तर खराब जोडही पूर्ण व्होल्ट दाखवतो. मग मशीन सोडवून काच हाताने सरकवून पाहावी.

यावर कारागिराचा आक्षेप असतो की मोटर बदलली आणि काच पळू लागली, म्हणजे दोष मोटरचाच होता. मोटरचे कार्बन झिजतात हे खरे, आणि माप पूर्ण आले, काच हाताला हलकी लागली, तर मोटरच बदलावी. पण नव्या मशीनबरोबर ताजे ग्रीस आणि नवे सांधेही येतात, काढघाल करताना कनेक्टर आपोआप घासला जातो. गुण कशाने आला ते सांगता येत नाही. शिवाय कडक रबरातून काच ओढणारी नवी मोटर जास्त प्रवाह खाते, तापते आणि तीही लवकर झिजते. दुसरा आक्षेप वेळेचा आहे आणि तो रास्त आहे. तासभराच्या तपासणीचे पैसे गिऱ्हाईक सहज देत नाही, नव्या मशीनचे देते.

आपल्याकडे प्रीमियर पद्मिनीच्या काचा हँडलने फिरवायच्या होत्या, तेव्हा जडपणा थेट हाताला कळे. नव्वदच्या दशकात सिएलो, एस्टीमसारख्या गाड्यांबरोबर बटण आले आणि हाताची ती पारख गेली. त्या पिढीच्या ज्या गाड्या अजून चालतात, त्यांना कोकणपट्टीच्या दमट हवेत कनेक्टरवरचा हिरवा गंज आणि घाटमाथ्यावर चॅनलमधली धूळ छळते. दोन्ही साफ करून रबरावर सिलिकॉन स्प्रे मारावा. खनिज तेल किंवा साधे ग्रीस तिथे लावू नये, त्याने रबर फुगते आणि काच आणखी घट्ट बसते.