षटकोन काढला कोणी?

मंडळी, आज तत्त्वज्ञानाच्या वर्गातून जरा ड्रॉइंग बोर्डाकडे जाऊ या. कागदावर आपण काटकोन काढतो. पण त्या दोन रेघांना आपण काटकोनात आहोत याचा पत्ता नसतो. एक खोडून तिरकी काढा, दुसरी काही तिच्यासोबत वळत नाही. नातं असतं ते काढणाऱ्याच्या मनात.

हे मनातलं नातं यंत्रात ठेवायचं काम आयव्हन सदरलँड यांनी केलं. १९६३ साली एमआयटीला सादर केलेल्या त्यांच्या प्रबंधात 'स्केचपॅड' नावाची प्रणाली आहे. त्यातलं पहिलंच उदाहरण षटकोनाचं. पडद्यावर लाइट पेनने एक वेडीवाकडी सहा बाजूंची आकृती काढायची, तिचे कोपरे एकेक करून वर्तुळावर नेऊन सोडायचे. सोडला की कोपरा वर्तुळाला बांधला गेला. वेगळं सांगायला नको. मग बाजू समान असू देत, एवढी आज्ञा.

आता हिशेब बघा. सहा बिंदूंचे १२ आकडे, वर्तुळाचे ३, एकूण १५. कोपरे वर्तुळावर, ही ६ बंधनं. बाजू समान, ही ५. उरले ४: जागेचे दोन, आकारमानाचा एक, फिरण्याचा एक. स्केचपॅडमध्ये मूळ आकृतीची प्रत ठेवायलाही नेमके हेच चार आकडे लागतात! म्हणून सदरलँड सुमारे अर्ध्या तासात ९०० षटकोनांची जाळी उभी करू शकले. मूळ षटकोन बदलला की सगळी जाळी बदलायची. त्यांनी तिचे माशाचे खवलेही करून दाखवले.

मला अडतं ते इथे. लाइट पेन नेऊन सोडणारा माणूस निदान जाणूनबुजून सोडत होता. आजचं कॅड सॉफ्टवेअर रेघ जवळपास आडवी दिसली की स्वतःच ती आडवी ठरवतं. बहुतेकदा बरोबर ठरवतं, हे मान्य. पण समजा ती रेघ मुद्दाम अर्धा अंश तिरकी होती, पाणी वाहून जावं म्हणून. आणि तिच्या प्रती काढल्या ९००. मग चूक एक, की ९००? आणि ती कुणाची? यंत्र म्हणेल, मी तर तुमच्याच मनातलं ओळखलं.

सॉफ्टवेअर त्या रेघेशेजारी एक बारीकसं चिन्ह दाखवतं, ते खोडताही येतं. पण दिसायला तरी हवं ना! चला, आता तुमचे प्रश्न घेऊ.