तिसऱ्या टप्प्याचा प्रश्न : अमेरिकेतील लघुउद्योग-संशोधन अनुदाने आणि वैद्यकीय उपकरणे

संशोधनास राज्यसंस्थेने द्रव्यसाहाय्य करावे, हे तत्त्व दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत जवळजवळ निर्विवाद ठरले. वाद उरला तो हे साहाय्य कोणाच्या हाती द्यावे, याविषयी. १९४५ साली व्हॅनिव्हर बुश यांनी राष्ट्राध्यक्षांना सादर केलेल्या अहवालाने मूलभूत संशोधनाचे स्वाभाविक स्थान विद्यापीठात आहे, ही भूमिका दृढ केली. पुढील तीन दशकांत वैद्यकीय संशोधनाचा सरकारी पैसा मुख्यतः विद्यापीठे व वैद्यकीय महाविद्यालये यांच्याकडे गेला, आणि संरक्षण व अवकाश या क्षेत्रांतील पैसा मोठ्या कंपन्यांकडे. दहावीस माणसांच्या कारखान्यास या दोहोंपैकी कोणतेही दार सहजासहजी उघडत नसे. १९५८ च्या लघुउद्योग कायद्यात अशा कारखान्यांच्या संशोधनास उत्तेजन देण्याचे कलम होते खरे. परंतु त्यासाठी निश्चित रक्कम राखून ठेवलेली नव्हती.

ही उणीव भरून काढण्याचा पहिला पद्धतशीर प्रयत्न राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानात झाला. सेनेटर एडवर्ड केनेडी यांनी या संस्थेवर लघुउद्योगांसाठी काही भाग खर्च करण्याविषयी दडपण आणले होते. संस्थेतील एक अधिकारी रोलंड टिबेट्स यांनी त्या निमित्ताने जी योजना आखली, तिच्यानुसार पहिले अर्ज १९७७ साली मागविण्यात आले. टिबेट्स यांच्या योजनेचे मर्म रकमेत नसून टप्प्यांत होते. पहिल्या टप्प्यात कल्पना शक्य कोटीतील आहे की नाही, एवढेच तपासण्यापुरती लहान रक्कम द्यावयाची. त्या कसोटीस उतरलेल्या थोड्यांना दुसऱ्या टप्प्यात नमुना सिद्ध करण्यासाठी मोठी रक्कम द्यावयाची. आणि तिसऱ्या टप्प्यात वस्तू बाजारात आणण्याचा खर्च खासगी भांडवलाने उचलावयाचा. अपयश आलेच तर ते लवकर आणि अल्प खर्चात यावे, हा या रचनेमागील व्यवहारी विचार होता.

ही योजना सर्व मोठ्या सरकारी खात्यांना लागू करावी, असा आग्रह पुढे न्यू हॅम्पशरचे सेनेटर वॉरन रडमन यांनी धरला. डिसेंबर १९८१ मध्ये सेनेटने विधेयक ९० विरुद्ध ० मतांनी संमत केले. तथापि ह्या एकमतावरून विरोध नव्हता असे समजणे चुकीचे होईल. सर्वांत प्रखर विरोध विद्यापीठांचा, त्यांतही वैद्यकीय महाविद्यालयांचा होता. समव्यावसायिक तज्ज्ञांच्या परीक्षणातून गुणवत्तेवर वाटला जाणारा पैसा संस्थेचा आकार पाहून राखून ठेवणे, म्हणजे गुणवत्तेच्या तत्त्वालाच बाध आणणे होय, असा त्यांचा युक्तिवाद होता. तो सर्वस्वी स्वार्थमूलक म्हणता येणार नाही. परंतु परीक्षण करणारे तज्ज्ञ बहुतांशी विद्यापीठांतीलच होते, ही गोष्टही नजरेआड करता येत नाही. २२ जुलै १९८२ रोजी राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी विधेयकावर स्वाक्षरी केली. ज्या खात्यांचा बाहेरील संशोधनावरील खर्च वार्षिक दहा कोटी डॉलरांहून अधिक असेल, त्यांनी प्रथम ०.२ टक्के आणि क्रमाने वाढवीत १.२५ टक्के रक्कम पाचशेपर्यंत कर्मचारी असलेल्या उद्योगांसाठी राखावी, असे ठरले. १९९२ च्या कायद्याने हे प्रमाण २.५ टक्क्यांवर आणि २०११ च्या कायद्याने ३.२ टक्क्यांवर नेण्याची तरतूद केली.

टक्केवारीचा हा इतिहास सहज सांगता येतो. प्रस्तुत लेखाचा रोख मात्र वेगळ्या प्रश्नाकडे आहे. कायद्याने तीन टप्पे सांगितले. पण तिसऱ्या टप्प्यासाठी राखीव निधीतून एकही डॉलर दिला नाही. संरक्षण खात्याच्या बाबतीत यातून फारशी अडचण उद्भवत नसे, कारण तेथे गिऱ्हाईक पुष्कळदा सरकारच असते. वैद्यकीय उपकरणांची गोष्ट निराळी आहे. १९७६ च्या दुरुस्तीने उपकरणांचे जोखमीनुसार तीन वर्ग पाडले आणि सर्वाधिक जोखमीच्या उपकरणास विक्रीपूर्वी मान्यता आवश्यक केली. त्यासाठी रुग्णांवरील चाचण्या कराव्या लागतात. त्यांचा खर्च दुसऱ्या टप्प्याच्या अनुदानाच्या कितीतरी पट असतो. ज्या क्षेत्रात तिसरा टप्पा सर्वांत दीर्घ, नेमका त्याच क्षेत्रात तो रिकामा राहिला.

यशाची उदाहरणे पाहिली तरी हेच दिसते. वॉशिंग्टन विद्यापीठातील प्राध्यापक आणि उद्योजक डेव्हिड ज्युलियानी यांनी १९८७ साली स्थापलेल्या कंपनीस राष्ट्रीय आरोग्य संस्थांकडून लघुउद्योग अनुदान मिळाले. तिचा ‘सॉनिकेअर’ हा विजेवर चालणारा दात घासण्याचा ब्रश १९९२ साली बाजारात आला, आणि २००० साली फिलिप्स कंपनीने ती विकत घेतली. हे यश निःसंशय मोठे आहे. परंतु असा ब्रश सर्वांत कमी जोखमीच्या वर्गात मोडतो, आणि दुकानातून तो कोणीही घेऊ शकतो. येथे तिसरा टप्पा आखूड होता, म्हणूनच खासगी भांडवलाला तो ओलांडता आला.

अर्थशास्त्रज्ञांच्या अभ्यासांतूनही याच दिशेने सूचना मिळते. जॉश लर्नर यांनी १९९९ साली दाखविले की अनुदानप्राप्त कंपन्यांची वाढ इतरांहून अधिक झाली. पण ती प्रामुख्याने जेथे साहसभांडवल आधीच वावरत होते अशा प्रदेशांत. अधिक अनुदाने मिळविणाऱ्या कंपन्यांची कामगिरी त्या प्रमाणात सरस नव्हती. २००० साली स्कॉट वॉल्स्टन यांनी अधिक कठोर निष्कर्ष काढला : अनुदान आले तेवढ्या प्रमाणात कंपन्यांनी स्वतःचा संशोधनखर्च कमी केला. सब्रिना हॉवेल यांच्या २०१७ च्या अभ्यासानुसार, पहिल्या टप्प्याच्या अनुदानाने साहसभांडवल मिळण्याची शक्यता सुमारे दुप्पट होते, दुसऱ्या टप्प्याचा परिणाम मात्र नगण्य असतो. हा शेवटचा अभ्यास ऊर्जा खात्याविषयी असल्याने त्याचा निष्कर्ष वैद्यकीय क्षेत्रास जसाच्या तसा लावू नये. तरीही लहानशी पहिली रक्कम हीच योजनेतील सर्वांत परिणामकारक बाब असावी, असे मानण्यास आधार मिळतो.

तिसऱ्या टप्प्याची पोकळी शासनाच्या ध्यानी आलीच नाही असे नव्हे. राष्ट्रीय कर्करोग संस्थेने २००९ मध्ये दुसऱ्या टप्प्यानंतरचे ‘सेतू’ अनुदान सुरू केले. त्यासाठी बाहेरील भांडवलदारांनीही वाटा उचलावा, अशी अपेक्षा ठेवली. २०११ च्या कायद्याने साहसभांडवलदारांची बहुसंख्य मालकी असलेल्या कंपन्यांना काही मर्यादेत पुन्हा प्रवेश दिला. हे उपाय उपकरण बाजारात पोहोचेपर्यंतचे आहेत. त्यानंतर काय?

‘सेकंड साइट’ या कंपनीचा वृत्तान्त येथे विचारात घेणे अवश्य आहे. १९९८ साली स्थापन झालेल्या या कंपनीने दृष्टिपटलावर बसवावयाचे साठ इलेक्ट्रोडांचे कृत्रिम दृष्टीचे उपकरण सिद्ध केले. त्याच्या संशोधनास संघराज्य सरकारची मोठी अनुदाने मिळाली होती. ती केवळ प्रस्तुत योजनेतूनच आलेली नव्हती, हे नमूद केले पाहिजे. २०१३ साली अमेरिकेत त्यास मान्यता मिळाली. २०१९ मध्ये उत्पादन थांबले, २०२० मध्ये बहुतेक कर्मचारी कमी करण्यात आले. जगभरातील साडेतीनशेहून अधिक माणसांच्या डोळ्यांत ते यंत्र होते. ते बिघडल्यास दुरुस्त कोणी करावयाचे, याचे उत्तर त्यांना मिळेना. व्यापारात दिवाळे निघाले की ऋणकोधनको यांचा हिशेब होतो. रुग्णाच्या शरीरात राहिलेल्या यंत्राचा हिशेब कोणत्या खात्यावर मांडावयाचा, याविषयी अनुदानाच्या नियमांनी मौन पाळले होते.

हा प्रश्न आपल्यालाही परका नाही. भारत सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाने २००५ साली सुरू केलेल्या लघुउद्योग योजनेचे नावही अमेरिकन योजनेच्या नावाशी मिळतेजुळते आहे. २०१२ साली स्थापन झालेल्या ‘बायरॅक’ या संस्थेच्या प्रारंभिक अनुदानात अठरा महिन्यांसाठी पन्नास लाख रुपयांपर्यंत साहाय्याची तरतूद आहे, आणि पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या आवारातील व्हेंचर सेंटर ही तिच्या भागीदार संस्थांपैकी एक आहे. टिबेट्स यांची पहिली पायरी आपण उचलली, हे योग्यच झाले. परंतु उसन्या घेतलेल्या संस्थेबरोबर तिच्यातील पोकळीही आपल्याकडे येते.

१९८२ च्या वादात दोन्ही पक्ष एका गोष्टीवर नकळत एकमत होते : प्रश्न पैसा कोणास द्यावा हा आहे, असे दोघेही समजत होते. विद्यापीठे आणि उद्योजक यांच्या त्या झगड्यात रुग्ण हा पक्षकार नव्हता. अनुदान मंजूर करतानाच, उद्योग बंद पडल्यास उपकरणाचे आराखडे, सुटे भाग व देखभाल यांची जबाबदारी कोणावर राहील, हे लिहून घेतले असते तर त्यास फारसा खर्च आला नसता. ती अट घालणे अजूनही शक्य आहे. आणि जेथे योजना अद्याप तरुण आहे, तेथे ती घालणे अधिक सोपे आहे.