टायनी

त्या काळी आपल्याकडे फास्ट बोलर असणं म्हणजे निव्वळ हमाली! मुंबईचे रमाकांत देसाई साडेपाच फुटांच्याही आतले, म्हणून टोपणनाव 'टायनी'. १९५९ मध्ये वेस्ट इंडीजविरुद्ध दिल्लीत पहिली टेस्ट. वय १९. एकाच डावात ४९ ओव्हर्स टाकल्या राव, १६९ रन्स देऊन ४ विकेट्स! आज टी-ट्वेंटीत ४ ओव्हर्सचा कोटा असतो... असो.

पुढे एकूण २८ टेस्ट, ७४ विकेट्स. १९६८ मध्ये ड्युनेडिनला बॅटिंग करताना बॉल लागून जबडा मोडला, तरी बेदीबरोबर शेवटच्या विकेटला ५७ रन्स जोडले, स्वतः नाबाद ३२. भारताने परदेशात जिंकलेली ती पहिली टेस्ट, आणि देसाईंची शेवटची. तेव्हा वय फक्त २८.