तीन खणांचे घर : उजेड, पाणी आणि वाटणी

१/ आजचा धागा एका घराविषयी आहे. बाजारपेठेतील एक घर डोळ्यांसमोर आणा. रस्त्याकडील रुंदी जेमतेम सोळा फूट, लांबी साठ फूट, दोन्ही बाजूंना शेजाऱ्यांच्या भिंती. पुढे दुकान, मागे तीन पिढ्यांचा संसार. अशा जागेत उजेड कुठून यावा, पावसाचे पाणी कुठे जावे आणि उद्या भाऊ वेगळे झाले तर कोणाच्या वाट्याला काय यावे? शहापूर आणि मुरबाडच्या जुन्या पेठांसारख्या ठिकाणची घरे समजून घ्यायची तर हे तीन प्रश्न पुरेसे आहेत. पहिल्या दोहोंना सुतार-गवंड्यांनी उत्तम उत्तरे दिली. तिसऱ्याचे उत्तर आराखड्यात क्वचितच आले, आणि घरे मोडली ती तिथेच.

२/ आधी ही दोन गावे पाहू. शहापूर माहुली किल्ल्याच्या पायथ्याशी, मुंबई–आग्रा मार्गावर वसले आहे. १६३६ मध्ये शहाजीराजांच्या निजामशाही वाचवण्याच्या प्रयत्नांचा शेवट झाला तो याच माहुलीवर. मुरबाड कल्याणहून माळशेज घाटाकडे जाणाऱ्या वाटेवर आहे. सातवाहनकालीन शिलालेखांचा नाणेघाट याच तालुक्याच्या सीमेवर. म्हणजे दोन्ही गावे घाटवाटांच्या तोंडाशी वाढलेली.

३/ रेल्वे आली तीही बाजूने. लोहमार्ग १८५५ मध्ये वासिंदला, १८६० मध्ये आसनगावला आणि १८६१ मध्ये कसाऱ्याला पोहोचला. शहापूर गाव स्थानकापासून काही अंतरावरच राहिले आणि मुरबाडला रूळ पोहोचलेच नाहीत. त्यामुळे पेठेचे तोंड रस्त्याकडेच राहिले. भात, लाकूड, मीठ, किराणा यांची उलाढाल ज्या रस्त्यावर होते, त्या रस्त्याला लागून असलेला प्रत्येक फूट मोलाचा ठरतो. प्रत्येक व्यापाऱ्याला दर्शनी जागा हवी, म्हणून ती प्रत्येकाला थोडीच मिळते. रुंदीत गमावलेले मग लांबीत कमवायचे. अहमदाबादच्या पोळांतील आणि पुण्याच्या पेठांतील घरेही याच हिशेबाने अरुंद आणि लांब झाली.

४/ हा हिशेब फुटांत होत नसे, खणांत होई. दोन खांबांमधील किंवा दोन तुळयांमधील अंतर म्हणजे एक खण, साधारण पाच-सहा फुटांचा. लाकडाची ताकद आणि सुताराचा अनुभव यांनी हे माप ठरवले होते. ‘तीन खणी घर’ म्हटले की ऐकणाऱ्याला रुंदी, खांबांची संख्या आणि घरमालकाची ऐपत, सारे एकदम कळे. खण हेच बांधकामाचे माप, आणि पुढे वाटणीचेही. ही गोष्ट लक्षात ठेवा.

५/ आता घरात शिरू. सर्वांत पुढे ओटा. त्यामागे दुकान. सकाळी त्याच्या लाकडी फळ्या एकेक काढून ठेवायच्या, रात्री खाचेत परत बसवायच्या. दुकानाच्या कडेने आत जाणारा बोळ. मग माजघर आणि देवघर, त्यामागे स्वयंपाकघर, न्हाणी आणि शेवटी परसू : विहीर, तुळस, सरपण. माडीवर किंवा माळ्यावर धान्य आणि माल. रस्त्यापासून जितके आत जावे तितके घर खासगी होत जाते. अरुंद जागेत दालनांची दुसरी रांग शक्यच नव्हती, म्हणून एकामागे एक हाच क्रम.

६/ ओटा ही केवळ बसण्याची जागा नव्हती, ती एक सीमाही होती. या दोन्ही तालुक्यांत ठाकूर, कातकरी, वारली, महादेव कोळी यांची मोठी वस्ती आहे. पेठेच्या घरांना लागणारे लाकूड ज्या रानांतून आले, ती राने त्यांच्या पाड्यांभोवतीची. जातिव्यवस्थेच्या त्या काळात पाड्यावरच्या गिऱ्हाइकाचा वावर ओट्यापुरताच असे. घराच्या रचनेत समाजाची रचना अशी कोरलेली असते. नुसते नक्षीदार खांब पाहून हरखून गेलो तर ती दिसत नाही.

७/ आता पाणी. या पट्ट्यात वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, पुणे शहरात त्याच्या तिसऱ्या हिश्शाइतका. दोन्ही बाजूंना शेजारी असताना छप्पर बाजूला उतरते केले तर पाणी शेजाऱ्याच्या भिंतीवर पडणार. यावरचा तोडगा साधा आणि अचूक होता : छपराचे आढे रस्त्याला समांतर ठेवायचे. मग एक उतार रस्त्याकडे, दुसरा परसाकडे. पागोळ्या गळतात त्या आपल्या ओट्यापुढे नाही तर आपल्याच परसात. एका ओळीतील घरांची आढी एका रेषेत दिसतात, त्यामागचे मोठे कारण हे आहे. सौंदर्य नंतर आले, आधी आला शेजारधर्म.

८/ पुढे कायद्यानेही या शेजारधर्माची दखल घेतली. १८८२ चा सुविधाधिकार कायदा १८९१ मध्ये मुंबई इलाख्याला लागू झाला. एखाद्या इमारतीला वीस वर्षे निर्वेधपणे, हक्क म्हणून मिळत आलेला उजेड आणि वारा शेजाऱ्याला नंतर अडवता येत नाही, हे त्याचे एक महत्त्वाचे तत्त्व. खिडकी आणि पन्हळ हे आता केवळ गवंड्याचे विषय राहिले नाहीत. ते दाव्याचे विषय झाले.

९/ उजेडाचा प्रश्न मात्र पाण्याहून अवघड होता. पुण्याच्या वाड्याने तो चौकाने सोडवला : मध्यभागी आकाश मोकळे आणि दालने त्याभोवती. परंतु तीन खणांच्या घरात चौक काढायचा तर एक खण रुंदी गमवावी लागते, आणि कोकणच्या पावसात उघडा चौक म्हणजे चार महिने घरात ओल. म्हणून येथे छपरातले झरोके, भिंतींचे वरचे टोक मोकळे ठेवणे आणि पुढे काचेचे कौल असे उपाय आले. १८६५ मध्ये मंगळूरला बाझेल मिशनने यंत्रावर कौले घडवण्यास प्रारंभ केला. एकसारख्या मापाची ती कौले हळूहळू कोकणभर पोहोचली. त्याच मापाचे काचेचे कौल मध्येच बसवणे मग सोपे झाले.

१०/ तरीही माजघर अंधारेच राहिले. त्या अंधारात दिवस कोणाचा जाई? पुरुष ओट्यावर आणि दुकानात, स्त्रिया माजघरात आणि धुराने भरलेल्या स्वयंपाकघरात. बाळंतिणीची खोली तर मुद्दाम बंदिस्त आणि काळोखी ठेवली जाई. अरुंद जागेची झळ घरातल्या सर्वांना सारखी लागत नव्हती. पुढचा उजेड विकून मागचा अंधार वाटला गेला, असे म्हटले तर ते कठोर वाटेल, परंतु चुकीचे ठरणार नाही.

११/ १८९६ च्या प्लेगनंतर उजेड हा सरकारी विषय झाला. १८९८ मध्ये मुंबईत इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. ट्रस्टचे अध्यक्ष ओर यांनी साडेत्रेसष्ट अंशांच्या नियमाचा आग्रह धरला. भूमितीत मांडल्यास तो असा : मोकळ्या जागेची रुंदी जेवढी, त्याच्या दुपटीहून समोरची भिंत उंच नको. हे माप आपल्या घराला लावून पाहा. साडेपाच फुटांच्या एका खणाचा चौक अकरा फूट उंचीपर्यंतच पुरेसा उजेड देतो. म्हणजे तळमजला उजळतो. वर माडी चढवली की तो पुन्हा अंधारात जातो.

१२/ आता तिसरा प्रश्न, वाटणी. उत्तर कोकणात हिंदू वारसाहक्काच्या बाबतीत नीलकंठ भट्टांच्या ‘व्यवहारमयूख’ या सतराव्या शतकातील ग्रंथाला न्यायालये विशेष मान देत. वाटा कोणाला आणि किती, हे शास्त्र सांगत असे. घर कुठे कापायचे हे मात्र कुटुंबाने ठरवायचे. दोन भावांनी सोळा फूट रुंदी उभी विभागली तर प्रत्येकाला आठ फूट, त्यातून मधली भिंत वजा. आडवी विभागली तर एकाला रस्ता आणि दुसऱ्याला परसू, आणि मागच्याला पुढच्याच्या घरातून जाण्यायेण्याचा हक्क. पहिल्या पद्धतीत घर मरते, दुसरीत संबंध.

१३/ ही अडचण नवी नाही. १८९३ च्या पार्टिशन अ‍ॅक्टने मान्य केले की काही मिळकती योग्य रीतीने तोडता येतच नाहीत. अशा वेळी विकून पैसे वाटावेत. त्याच कायद्याच्या चौथ्या कलमानुसार, कुटुंबाच्या राहत्या घरातील एखादा हिस्सा परक्याने विकत घेतला आणि वाटणीचा दावा लावला, तर कुटुंबातील भागीदाराला तो हिस्सा विकत घेऊन घर राखता येते. कायद्याला घराची किंमत कळत होती. तोडणे कुठे थांबवावे हेही कळत होते.

१४/ परंतु हे ‘कुटुंब’ कोणाचे? १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने मुलीला वारस केले, पण तेविसाव्या कलमाने एक मेख मारली. पुरुष वारस स्वतः वाटणी करत नाहीत तोवर राहत्या घराची वाटणी ती मागू शकत नव्हती. महाराष्ट्राने १९९४ मध्ये मुलींना सहदायाद म्हणून हक्क दिला आणि २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने ते तेविसावे कलमही गेले. ज्या माजघरात तिच्या आजीचे आयुष्य गेले, त्या घराच्या आराखड्यात तिचे नाव येण्यास अर्धे शतक लागले.

१५/ आज शहापूर आणि मुरबाड येथे नगरपंचायती आहेत. २०२० पासून राज्याच्या मोठ्या भागाला लागू झालेल्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत दाट वस्तीच्या क्षेत्रासाठी वेगळ्या तरतुदी आहेत. कौलांच्या जागी स्लॅब आला आणि पाणी नळाने उतरू लागले, त्यामुळे आढ्याची दिशा कोणी विचारत नाही. तिसरा प्रश्न मात्र आता उघडपणे बांधकामात आला आहे. नवी घरे नीट पाहिली तर अनेकदा जिना बाहेरून काढलेला दिसतो. एक मजला एका मुलाचा, वरचा दुसऱ्याचा. खणांची आडवी वाटणी आता मजल्यांची उभी वाटणी झाली आहे.

१६/ लहान जागेत घर बांधणाऱ्याला हा इतिहास तीन गोष्टी सांगतो. मागचे परसू बांधून टाकू नका. तिथूनच घर श्वास घेते. मध्ये आकाशाचा तुकडा राखा, पण त्याची रुंदी वरच्या मजल्यांच्या उंचीशी ताडून ठरवा. आणि जिना, बोळ, विहीर, गच्ची यांवर कोणाचा कोणता हक्क, मुलींच्या हक्कांसकट, हे घर उभे राहण्याआधी कागदावर लिहा. पूर्वजांनी पागोळी कुठे पडावी याचा विचार वीट रचण्याआधी केला होता. वाटणीचा विचारही तेव्हाच व्हायला हवा.

१७/ आपल्या गावच्या पेठेत जुने घर असेल तर पुढच्या सुट्टीत त्याचे खण मोजा. आढे कोणत्या दिशेने आहे, माजघरात उजेड कुठून येतो आणि मध्येच उभी राहिलेली नवी भिंत कोणत्या वर्षीची आहे, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा, आणि आजीला आवर्जून विचारा. उत्तरे खाली जरूर लिहा. पेठांची घरे झपाट्याने पाडली जात आहेत. त्यांच्याविषयी सांगणारी माणसेही फार काळ राहणार नाहीत.