अर्नाळ्यात वायफायला पासवर्ड कसा आला

अर्नाळ्याचा इतिहास म्हटला की लोक किल्ला सांगतात. १७३७ साली मराठ्यांनी पोर्तुगिजांकडून बेट घेतलं, बाजीराव पेशव्यांच्या काळात तट नव्याने उभा राहिला आणि वैतरणेच्या मुखातून ये-जा करणाऱ्या गलबतांवर तिथून नजर राहू लागली. १८ जून २०२५ रोजी विशाखापट्टणमला नौदलात दाखल झालेल्या युद्धनौकेला या किल्ल्याचं नाव आहे, याचा गावाला अभिमान आहे. मी इथे केबल आणि इंटरनेटच्या जोडण्या करतो. मला सांगायचाय तो इतिहास जेमतेम वीस वर्षांचा आहे, आणि त्याचा शिलालेख कुठे नाही. घरच्या वायफायला पासवर्ड लावायची रीत आमच्याकडे कशी आली, एवढाच तो आहे.

२००४ च्या ऑक्टोबरात सरकारचं ब्रॉडबँड धोरण आलं. २५६ केबीपीएस वेग असला की त्याला ब्रॉडबँड म्हणायचं, असं त्यात ठरलं. २००५ च्या जानेवारीत वायफायच्या २.४ गिगाहर्ट्‌झ पट्ट्याला परवान्याची अट उरली नाही. वसई-विरारकडे ०२५० च्या लँडलाइनवर बीएसएनएलचे मोडेम लागायला लागले. आधी साधे, वायरचे. मग अँटेनावाले आले, आणि पुष्कळ घरांत ते खोक्यातून काढून जसेच्या तसे लावले गेले. पासवर्ड नाही, नाव कंपनीचंच. शेजारचा मुलगा ओट्यावर लॅपटॉप घेऊन बसला तर त्याला कोणी हटकत नसे. पाहुण्याला पाणी विचारणाऱ्या गावात नेट अडवून धरणं कोणाच्या मनातही आलं नव्हतं.

ते बदललं २६ जुलै २००८ ला. त्या संध्याकाळी अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले आणि त्याच्या काही मिनिटं आधी वृत्तवाहिन्यांना धमकीचा ईमेल गेला. माग काढत पोलीस पोचले ते नवी मुंबईत, सानपाड्याच्या एका फ्लॅटवर. तिथे राहणाऱ्या परदेशी भाडेकरूचं वायफाय उघडं होतं आणि ते वापरून भलत्यानेच मेल पाठवला होता. पुढच्या महिन्यातला मेल माटुंग्याच्या खालसा कॉलेजच्या वायफायवरून गेला आणि १३ सप्टेंबरच्या दिल्ली स्फोटांच्या वेळचा चेंबूरच्या एका कंपनीच्या वायफायवरून. तिन्ही ठिकाणं मुंबईच्या टापूतली. ज्याचं नेट त्याच्या दारात पोलीस येतात, हे लोकांनी टीव्हीवर पाहिलं. त्या पावसाळ्यापर्यंत "पासवर्ड कशाला हवा?" हा प्रश्न मला ऐकू येई. नंतर लोक स्वतःहून विचारायला लागले, "दादा, आमचं बंद आहे ना?"

चार महिन्यांनी मुंबईवरच्या हल्ल्याचा २६ नोव्हेंबर उजाडला. मारेकरी समुद्रातून आले, तेही पळवलेल्या मच्छीमार बोटीच्या आडून. कोळीवाड्याला तो घाव जिव्हारी लागला. पुढच्या काही वर्षांत खलाशांना बायोमेट्रिक ओळखपत्रं आली, बोटींची तपासणी कडक झाली. २००९ च्या जानेवारीत मुंबई पोलिसांनी उघडी वायफाय शोधून मालकांना नोटिसा देण्याचं जाहीर केलं आणि फेब्रुवारीत दूरसंचार विभागाने इंटरनेट कंपन्यांना ग्राहकांचं वायफाय सुरक्षित करण्याच्या सूचना दिल्या. माझ्या मते आमच्या गावात ही दोन्ही कामं एकाच वर्षाने लावली: बोटीवर कोण आहे ते सांगायचं, आणि आपल्या नेटवर कोण आहे ते माहीत असायचं.

पण पासवर्ड लागला म्हणून काम संपलं नाही. मोडेममधल्या सुरक्षा-पद्धतींच्या यादीत सगळ्यात वर डब्ल्यूईपी असे, म्हणून बरेच जण तेच निवडत. ते फोडायची पद्धत २००१ सालीच जाहीर झाली होती. २००४ चं डब्ल्यूपीए-टू त्याहून कितीतरी भक्कम, पण यादीत ते खाली. मग आलं डब्ल्यूपीएसचं बटण, पासवर्ड न टाकता जोडणी देणारं. बटणाऐवजी पिन टाकूनही ती जोडणी होई, आणि त्या पिनमध्ये आठ आकडे. वरवर दहा कोटी शक्यता. पण शेवटचा आकडा आधीच्या सातांवरून निघतो, आणि राउटर पहिले चार व पुढचे तीन वेगवेगळे तपासून बरोबर की चूक सांगतो. म्हणजे आधी दहा हजार, मग एक हजार. दहा कोटींचं काम अकरा हजारांत उरकतं, आणि ते संगणक स्वतःच करत बसतो. २०११ च्या डिसेंबरात ही फट उघड झाली. मी कुठेही गेलो की आधी हे डब्ल्यूपीएस बंद करतो.

दुसरा पासवर्ड लोक विसरतात तो खुद्द राउटरचा. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ टाकलं की तो विचारला जातो, आणि नाव व पासवर्ड दोन्ही 'अ‍ॅडमिन' असायचे. २०१७ च्या जुलैत एका घातक प्रोग्रामने बीएसएनएलचे असे मोडेम निकामी केले, तेव्हा कंपनीनेच ग्राहकांना पासवर्ड बदला म्हणून सांगितलं. त्या दिवसांत मी गावातले जुने मोडेम एकेक उघडून त्यांचे पासवर्ड बदलले.

लोक पासवर्ड काय ठेवतात ते मी पाहत आलोय. बंदरपाड्यात पूर्वी सर्रास बोटीचं नाव आणि पुढे तिचा नोंदणी क्रमांक. हा क्रमांक बोटीच्या नाळेवर हातभर मोठ्या अक्षरांत रंगवलेला असतो, किनाऱ्यावरून कोणीही वाचावा म्हणूनच. एका नाखव्याला मी सांगितलं, "नाखवा, तुमचा पासवर्ड तर धक्क्यावर उभा आहे." त्यांनी तो त्याच दुपारी बदलून घेतला.

२०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि मुलं पुन्हा शेजारच्या ओट्यावर आली, मोबाइल हातात, वर्ग चालू. पासवर्डामुळे शेजार तुटतो, असं कोणी म्हटलं की मला वाईट वाटतं, कारण त्यावर सोपा उपाय आहे. बहुतेक राउटरांत पाहुण्यांसाठी वेगळं नाव काढता येतं. त्यावरून नेट मिळतं, घरातल्या इतर उपकरणांपर्यंत पोचता येत नाही, आणि वर्ग संपला की ते बंद करता येतं. त्या वर्षी अशी नावं मी मागेल त्याला काढून दिली.

रात्री राउटर बंद करायची रीतही इथे होती. मासेमारीबंदीच्या जून-जुलैत घर भरलेलं असे, तेव्हा आजी दहा वाजता बटण दाबत म्हणजे पोरं झोपतील. केबलवरचा संगणक तेवढा चालू ठेवायचा असेल तर सेटिंगमधून नुसतं वायफाय बंद करता येतं, हे मी कित्येकांना दाखवलं. आता दारावर कॅमेरे आलेत, ते रात्रीच हवे असतात, म्हणून बटण कोणी दाबत नाही. बऱ्याच कॅमेऱ्यांचेही कारखान्यातले पासवर्ड ठरलेले असतात आणि २०१६ मध्ये मिराई नावाच्या प्रोग्रामने असेच कॅमेरे व राउटर जगभर ताब्यात घेतले होते. म्हणून कॅमेरा भिंतीला लावण्याआधी मी त्याचा पासवर्ड बदलतो आणि त्याच्यासाठी वायफायचं वेगळं नाव काढतो.