थ्रेड : गिरणीतले बोट आणि भटारखान्यातला हात

१/ दुपारी महाविद्यालय आणि संध्याकाळी धरमपेठ किंवा सदरमधल्या एखाद्या रेस्टॉरंटात अर्धवेळ काम, असा अनेक विद्यार्थ्यांचा दिनक्रम असतो. एके दिवशी उकळते तेल हातावर सांडते. मालक मलमपट्टी करून देतो आणि ‘बरा झालास की ये’ म्हणतो. ही मदत दया म्हणायची की हक्क? नागपुरात हा प्रश्न सव्वाशे वर्षांहून जुना आहे.

२/ १ जानेवारी १८७७. दिल्ली दरबारात व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून घोषित झाली. त्याच दिवशी नागपुरात जमशेटजी टाटांची गिरणी सुरू झाली. ‘एम्प्रेस मिल’ हे नाव त्यावरूनच पडले.

३/ गिरणीत फिरत्या पट्ट्यांत आणि चाकांत बोटे सापडत. त्या काळी भरपाई हवी असेल तर मालकाचा निष्काळजीपणा कोर्टात सिद्ध करावा लागे. निरक्षर मजुराला ते जवळजवळ अशक्यच होते.

४/ १८९५ मध्ये एम्प्रेस मिलने अपघातग्रस्त कामगारांना भरपाई देण्यास सुरुवात केली. जर्मनीने अपघात विम्याचा कायदा १८८४ मध्ये केला होता, ब्रिटनने भरपाईचा कायदा १८९७ मध्ये केला. म्हणजे नागपूरची गिरणी लंडनच्या संसदेपेक्षा दोन वर्षे पुढे होती. तरीही ही एका मालकाची योजना होती. शेजारच्या कारखान्यातील मजूर तिच्या आधारे काहीही मागू शकत नव्हता.

५/ हा हक्क कायद्यात आला तो १९२३ च्या कामगार भरपाई अधिनियमाने. १ जुलै १९२४ पासून तो लागू झाला. कामामुळे आणि काम करत असताना इजा झाली, एवढे पुरेसे ठरले. मालकाची चूक सिद्ध करण्याची अट गेली.

६/ कायद्याला जोडलेल्या कोष्टकात प्रत्येक अवयवाचा हिशेब होता. अंगठा गेला तर कमाईची क्षमता २५ टक्के घटली असे धरत, तर्जनी गेली तर १० टक्के. पुढे हे आकडे वाढून ३० आणि १४ झाले.

७/ पण हा हिशेब सर्वांसाठी नव्हता. रेल्वे, कारखाने, खाणी, गोद्या, अग्निशमन दल अशा ठरावीक कामांचीच यादी होती. खाणावळीचा आचारी तीत नव्हता. शिवाय दहा दिवसांहून अधिक काळ काम बुडाले नाही, तर भरपाई नाही. ही मर्यादा पुढे सात आणि मग तीन दिवसांवर आली.

८/ जुलै १९४२ मध्ये नागपुरात अखिल भारतीय दलित वर्ग परिषद भरली. त्याच महिन्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. त्यांच्या कारकिर्दीत प्रा. बी. पी. अडारकरांनी आरोग्य विम्याचा अहवाल १९४४ मध्ये सादर केला. त्यातून १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा उभा राहिला. तोही आरंभी यंत्रशक्तीवर चालणाऱ्या, किमान वीस कामगारांच्या कारखान्यांपुरताच होता.

९/ मधल्या काळात नागपूर बदलले. हातमाग मंदावले आणि हलबा कोष्टी समाजातील अनेक कुटुंबांनी घरचा झणझणीत रस्सा विकायला काढला. हीच सावजी भोजनालये. २००२ मध्ये एम्प्रेस मिलही कायमची बंद पडली. रोजगार मागावरून चुलीपाशी आला, पण मागाजवळचे संरक्षण आपोआप त्याच्या मागोमाग आले नाही.

१०/ ते तुकड्यातुकड्यांनी आले. वीज किंवा गॅस वापरणाऱ्या हॉटेलांतील आचारी भरपाईच्या यादीत समाविष्ट झाले. विमा योजना हॉटेलांपर्यंत पोहोचली. आता दहा कर्मचाऱ्यांची संख्या पुरते. १० ऑक्टोबर २००६ पासून हॉटेल-ढाब्यांत चौदा वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास बंदी आली.

११/ अर्धवेळ कामगारांसाठी २००० सालची दुरुस्ती महत्त्वाची आहे. मूळ व्याख्येत, ज्याची नोकरी नैमित्तिक आहे आणि जो मालकाच्या धंद्याबाहेरचे काम करतो, त्याला वगळले होते. हे शब्दच गाळले गेले. ‘तो तर कच्चा माणूस, चार तासांपुरता येतो’ या सबबीचा उरलासुरला आधारही त्यामुळे गेला.

१२/ विमा योजनेत नोंद असेल, तर कामावरील इजेचा लाभ नोकरीच्या पहिल्या दिवसापासून लागू होतो. किती महिने हप्ते भरले, हे पाहिले जात नाही. सोमवारी पेठेतील कामगार विमा रुग्णालय याच योजनेचे आहे. भरपाईचा दावा मात्र साधारणपणे अपघातापासून दोन वर्षांच्या आत करावा लागतो.

१३/ म्हणूनच हजेरीची नोंद, पगार जमा झाल्याचा संदेश आणि दवाखान्याचा कागद जपून ठेवणे महत्त्वाचे. १८९५ च्या मजुराची भरपाई गिरणीमालकाच्या वहीवर अवलंबून होती. आजच्या अर्धवेळ कामगारापाशी कायदा आहे. तो तेथे कामाला होता, याचा पुरावा मात्र बहुधा त्यालाच सांभाळावा लागतो.